तीन लांब चरण, एक आखूड

जॉन लॅन्सिंग यांना कवी म्हणून कोणी ओळखत नव्हते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, न्यू ब्रन्सविकच्या धर्मशिक्षण विद्यालयात ते जुना करार आणि हिब्रू भाषा शिकवत. जन्म दमास्कसचा, वडील इजिप्तमध्ये मिशनरी. त्यामुळे अरबी भाषा आणि अरबांचा मुलूख त्यांच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अरबीचे एक क्रमिक पुस्तकही तयार केले होते. १८८९ साली त्यांच्याभोवती तीन तरुण विद्यार्थी जमले : जेम्स कॅन्टिन, सॅम्युएल झ्वेमर आणि फिलिप फेल्प्स. अरबस्तानात जाऊन काम करायचे, असे या चौघांनी मनावर घेतले. आपल्या गटाला त्यांनी ‘चाक’ असे नाव दिले. प्राध्यापक म्हणजे तुंबा आणि विद्यार्थी म्हणजे आरे.

त्यांच्या रिफॉर्म्ड चर्चजवळ या कामासाठी पैसा नव्हता. तेव्हा चौघांनी ‘अरेबियन मिशन’ नावाची स्वतंत्र संस्था काढली आणि गावोगावच्या मंडळ्यांकडून वर्गणी मागायला सुरुवात केली. कॅन्टिन त्याच वर्षी जहाजात बसले, झ्वेमर पुढच्या वर्षी गेले. लॅन्सिंग यांची प्रकृती मात्र इतकी तोळामासा होती की अरबस्तानात जाऊन राहणे त्यांना जमणारे नव्हते. त्यांनी मिशनसाठी एक गीत लिहून दिले.

हे ‘अरेबियन मिशन हिम’ पुढे कितीतरी वर्षे मिशनच्या बैठकांत, निरोपाच्या सभांत गायले जात होते. गीताची सहा कडवी आहेत. प्रत्येक कडव्यात आठ-आठ अक्षरांच्या तीन ओळी एकाच यमकात बांधलेल्या, आणि चौथी ओळ पाचच अक्षरांची. ही आखूड ओळ दर कडव्यात थोडी बदलून येते आणि दर वेळी अरबस्तानातल्या लोकांवरच्या देवाच्या प्रेमावर येऊन थांबते. साऱ्या जगाने विसरलेला एक देश, असे चित्र गीताच्या पहिल्याच ओळीत आहे. मिशनच्या नियतकालिकाला पुढे ‘नेग्लेक्टेड अरेबिया’ हे नाव मिळाले, त्यातही तोच सूर आहे.

मराठी वाचकाला या कडव्याचा घाट परका वाटू नये. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे असतात आणि चौथा चार अक्षरांचा. तीनदा पाऊल लांब पडते, चौथ्यांदा टाळ वाजतो आणि मन टेकते. हिब्रू शिकवणाऱ्या अमेरिकन प्राध्यापकाने वारकऱ्यांचे भजन ऐकले असण्याची शक्यता नाही. पण समूहाने गायचे, पुस्तक हातात नसले तरी आठवले पाहिजे, आणि शेवटी सगळ्यांनी एका जागी यायचे, या गरजा दोन्हीकडे सारख्याच होत्या.

मस्कतची वाट

लॅन्सिंग यांच्या गीतात गुलामगिरीत रक्तबंबाळ झालेल्या माणसाचा उल्लेख आहे. १८८९ मध्ये न्यू जर्सीतल्या माणसाला ती दूरची गोष्ट होती. सात वर्षांनी ती मिशनच्या दारात येऊन उभी राहिली.

सॅम्युएल यांचे धाकटे भाऊ पीटर झ्वेमर १८९३ साली मस्कतला आले. त्यापूर्वी दोनच वर्षे, मे १८९१ मध्ये, लाहोरचे पहिले बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच याच शहरात मरण पावले होते. बिशपपद सोडून, साठी उलटल्यावर ते एकटे मस्कतला आले आणि तीन-चार महिन्यांतच उन्हाळ्याने त्यांचा बळी घेतला. मस्कतजवळच्या डोंगरांनी वेढलेल्या एका छोट्या खाडीत त्यांना पुरले. १८९६ मध्ये गुलामांची वाहतूक करणाऱ्या एका गलबतातून अठरा आफ्रिकन मुलगे सोडवण्यात आले. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ते पीटर यांच्या हवाली केले आणि मिशनच्या घरातच मुक्त झालेल्या गुलाम मुलांची शाळा सुरू झाली. पीटर यांची प्रकृती लवकरच ढासळली. १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कच्या इस्पितळात, ऐन तिशीत ते गेले. पुढे डॉक्टर शॅरन थॉम्स यांनी मस्कतशेजारच्या मत्राह येथे दवाखाना सुरू केला आणि त्यांचे चिरंजीव वेल्स थॉम्स यांनी ते काम १९७० पर्यंत चालवले.

या मंडळींना अरबी उपासनेसाठी लागणारी गीते मस्कतमध्ये तयार मिळणार नव्हती. अरबी ख्रिस्ती छपाईचे मोठे केंद्र तेव्हा बैरूत होते. तिथल्या अमेरिकन छापखान्याभोवती लेबनीज विद्वानांचा एक गट जमला होता. बायबलच्या अरबी भाषांतरात मदत करणारे नासिफ अल्-याझिजी हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. अभिजात अरबी काव्यावर त्यांची हुकमत होती आणि त्यांनी स्तोत्रसंहितेतली स्तोत्रे पद्यात उतरवली. त्यांच्यापुढे मोठी अडचण होती. अरबी छंद लघु-गुरूंच्या मोजणीवर चालतो, तर मिशनऱ्यांनी आणलेल्या पाश्चात्त्य चाली आघातावर चालतात. भाषा अरबी ठेवायची आणि चाल बॉस्टनची, तर शब्द तरी मोडतात नाहीतर सूर तरी. शिवाय अरबी मकामांतले, म्हणजे रागांसारख्या स्वररचनांतले, पाव स्वर हार्मोनियमच्या पट्ट्यांत बसत नाहीत. जगभरच्या नवख्या गीतकारांना याच पेचाला तोंड द्यावे लागले, आणि मराठी मुलुखात तर त्यावरून चांगले मंथन झाले.

शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची

ज्याला नोटेशन येत नाही, वाद्य वाजवता येत नाही, तो माणूस उपासनेचे गीत कसे रचतो? याचे उत्तर गीतसंग्रहाच्या मागच्या पानांवर सापडते. इंग्रजी गीतपुस्तकांच्या शेवटी छंदांची सूची असते. आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या गीताला त्या मापाच्या डझनावारी चाली तयार असतात. शिक्षकाने, शेतकऱ्याने किंवा घरातल्या बाईने मापात शब्द बसवले की चालीची सोय आपोआप होते. म्हणूनच इंग्रजी गीतपुस्तकांत शब्द लिहिणारा एक आणि चाल बांधणारा दुसरा, अशी दोन नावे छापलेली दिसतात. कित्येकदा त्या दोघांची आयुष्यात भेटही झालेली नसते.

मराठी पुस्तकांत हेच काम ‘चाल’ हा शब्द करतो. गीताच्या डोक्यावर एखाद्या प्रसिद्ध पदाचे नाव किंवा रागाचे नाव दिले की गाणाऱ्यांना पुढचे कळते. गाणी शिकवण्याचे दुसरे साधन म्हणजे सोल्फा पद्धत. जॉन कर्वेन या इंग्लिश धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती लोकप्रिय केली, आणि तिचा पाया सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने घातला होता. पाच रेघांऐवजी डो, रे, मी यांची आद्याक्षरे लिहायची, म्हणजे सामान्य छापखान्यात आणि फळ्यावरही गाणे लिहिता येते. मिशन शाळांतून ही पद्धत आशिया-आफ्रिकेत पोचली आणि ज्यांनी कधी पियानो पाहिला नव्हता अशी माणसे चार आवाजांत गाऊ लागली.

नगरचे कीर्तन, गोव्याचे पुराण

ओमान आणि मराठी ख्रिस्ती गीत यांचे धागे पोर्तुगीज काळात एकदा शेजारी आले होते. १५०७ मध्ये अल्बुकर्कने मस्कत लुटले आणि जाळले. तेव्हापासून १६५० पर्यंत ते बंदर पोर्तुगीजांकडे होते आणि त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. मस्कतच्या मिरानी किल्ल्यातल्या लहानशा प्रार्थनामंदिरात त्या काळातला लॅटिन शिलालेख आहे. शिपाई तिथे लॅटिन प्रार्थना म्हणत होते त्याच काळात, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांत राहिला. जे लोक पुराण ऐकत वाढले होते त्यांच्यासाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. लोकांना त्यांच्याच छंदात कथा दिली पाहिजे, ही गोष्ट त्याने सांगळ्यांच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी ओळखली होती.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला ही गोष्ट पुन्हा नव्याने शोधावी लागली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे परदेशी चालींवर म्हटली जात. खेड्यातल्या माणसाला ती ना पाठ होत, ना गळ्यात बसत. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी देशी चालींवर गीते रचली, आणि नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची पद्धत उचलली. निरूपण, पद, पुन्हा निरूपण आणि साथीला टाळ-मृदंग. नाव न सांगताही हे कीर्तन आहे हे ऐकणाऱ्याला कळे, आणि तो बसून राही. सांगळ्यांचे तन-मन-धन अर्पण करण्याचे गीत ऑल्डन क्लार्क या मिशनऱ्याने इंग्रजीत नेले. आज ते अमेरिकेतल्या गीतसंग्रहांत छापलेले आढळते आणि त्याच्या चालीचे नावही ‘तन मन धन’ असेच दिलेले असते. जेमतेम काही ओळींचे हे मराठी गीत जगातल्या ज्या मंडळ्यांत गायले जाते, त्यांतल्या बहुतेकांना अहमदनगर नकाशावर दाखवता येणार नाही.

सांगळ्यांनी मळलेल्या वाटेवर नारायण वामन टिळक आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ शाळामास्तर, कीर्तनकार, पुराणिक, संस्कृतचे पंडित असे बरेच काही होते. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा पगार शिकवण्याचा होता, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या कामाचा होता. गीते त्या सगळ्यातून उरलेल्या वेळेत आणि मनाच्या उसळीत आली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत, आणि त्यांच्या अभंगांत ते दिसते. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा फार मोठा वाटा आहे. पुण्यातले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकोल यांनी त्यांतल्या काही इंग्रजीत नेल्या, आणि त्या स्कॉटलंडच्या चर्चमध्येही गायल्या गेल्या. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाने सर्वांना खुली असलेली मंडळी उभी करायला निघाले. मे १९१९ मध्ये ते वारले.

लक्ष्मीबाईंची कथा याहून विलक्षण आहे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे चालणाऱ्या आणि बंद पडणाऱ्या शिकवणीतून. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. घरात सतत पाहुणे, आश्रित मुले, पैशाची ओढाताण आणि वैधव्य असताना त्यांनी हे काम केले. त्या १९३६ मध्ये गेल्या आणि दोन वर्षांनी ग्रंथ छापून आला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे त्यांचे गद्य घराघरांत पोचले. पण वृत्त-छंदांचे शास्त्र न शिकता, निव्वळ कानावर पडलेल्या ओवीच्या बळावर एवढे काव्य तडीस नेणारी बाई म्हणून त्यांचा विचार अजून पुरेसा झालेला नाही. संगीताच्या आणि काव्याच्या शाळेबाहेरची माणसे काय उभे करू शकतात, याचा मराठीतला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

एका गावचे दोघे

ओमानने १९६७ मध्ये तेलाची निर्यात सुरू केली. जुलै १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले आणि रस्ते, शाळा, इस्पितळे यांची कामे एकदम निघाली. त्या कामांसाठी जे भारतीय आले त्यांत केरळचे ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. सामानात पायसाच्या भांड्यांबरोबर गीतांची पुस्तकेही आली. ती पुस्तके उघडली की दोन नावे वारंवार भेटतात, आणि दोन्ही मध्य केरळातल्या एडयारन्मुला या एकाच गावची, जन्मवर्षही एकच, १८८३.

त्यांतले के. व्ही. सायमन हे शाळाशिक्षक. कोवळ्या वयातच ते शिकवू लागले. मल्याळम आणि संस्कृतवर प्रभुत्व, संगीताचा कान तयार. उत्पत्तीच्या पुस्तकावर त्यांनी ‘वेदविहारम्’ हे महाकाव्य लिहिले आणि त्यांची शेकडो गीते कर्नाटक रागांत बांधलेली आहेत. दुसरे साधू कोच्चुकुंजू उपदेशी. त्यांचे शिक्षण बेताचे. शेती आणि कापडाचा धंदा करत ते पायी फिरून उपदेश करत. लहान मुलगा गेला तेव्हा त्यांनी दुःखाचा पेला देवाच्या हातून घेण्याचे गीत रचले. केरळात आजही कोणाच्या घरी मृत्यू झाला की ते गीत निघते. सायमन यांची विद्वत्ता आणि कोच्चुकुंजूंचा साधेपणा, दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी छापलेले असते. गाणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही.

तिसरे नाव जर्मन आहे. फोल्ब्रेख्ट नागेल १८९३ मध्ये केरळात आले, मल्याळम शिकले आणि त्या भाषेत त्यांनी इतकी सहज गीते लिहिली की ती परक्याची आहेत हे सांगावे लागते. त्रिशूरजवळ त्यांनी अनाथाश्रम काढला. १९१४ मध्ये ते युरोपात गेले आणि पहिले महायुद्ध पेटले. जर्मन नागरिक म्हणून परतीची वाट बंद झाली. १९२१ मध्ये ते जर्मनीतच वारले. काळाच्या रथात बसून स्वदेशी निघालेल्या प्रवाशाचे त्यांचे गीत केरळच्या अंत्ययात्रांत म्हटले जाते. घरापासून लांब कामाला आलेल्या माणसाने ते मस्कतमध्ये म्हटले की त्याला आणखी एक अर्थ चिकटतो.

रुवीचा शुक्रवार

सुलतान काबूस यांनी ख्रिस्ती मंडळ्यांना उपासनेसाठी जमिनी दिल्या. मस्कत परिसरात रुवी आणि घाला, शिवाय सोहार आणि सलाला. रुवीच्या आवारात सेंट पीटर आणि पॉल हे कॅथलिक चर्च आहे आणि शेजारीच प्रॉटेस्टंट चर्च. प्रॉटेस्टंट मंडळीचा भार दोघांनी उचलला आहे : लॅन्सिंग यांचे रिफॉर्म्ड चर्च आणि अँग्लिकनांचा सायप्रस व आखाताचा धर्मप्रांत. ठरलेल्या जागेत उपासना करण्याची मोकळीक आहे. मुसलमानांत धर्मप्रचार करायला कायद्याने मनाई आहे. लॅन्सिंग यांनी पाहिलेले स्वप्न आणि रुवीत प्रत्यक्ष उभी राहिलेली मंडळी यांत मोठे अंतर आहे. इथे गाणारे बहुतेक सगळे ख्रिस्ती म्हणूनच आलेले आहेत, कामासाठी, करारावर, आणि एक दिवस परत जाण्यासाठी.

सुट्टी शुक्रवारी, म्हणून मोठी उपासनाही शुक्रवारी. एकाच आवारात तासातासाने भाषा बदलते : इंग्रजी, मल्याळम, तमिळ, कोंकणी, अरबी, तागालोग. गायनवृंदात परिचारिका असतात, हिशेबनीस असतात, बांधकामावरचे फोरमन, शाळेतल्या बाई. पगारी वादक क्वचितच. सराव रात्री, पाळी संपल्यावर. वृंदातला चांगला तबलजी किंवा कीबोर्ड वाजवणारा करार संपून गावी गेला की चाली पुन्हा बसवाव्या लागतात. अशा ठिकाणी नवीन गीत लिहिले जाते ते बहुधा निमित्ताने. कोणाचा निरोप, मंडळीचा वर्धापनदिन, नाताळची फेरी. ते झेरॉक्सच्या कागदावर किंवा फोनवर फिरते आणि लिहिणाऱ्याचे नाव दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीतच गळून पडते. सांगळ्यांचे आणि नागेल यांचे नाव टिकले, कारण कोणीतरी वेळेवर पुस्तक छापले आणि गीताखाली नाव घातले. आखातातल्या मंडळ्यांनी आपल्या लोकांची गीते नावानिशी, तारखेनिशी नोंदवून ठेवली तर पन्नास वर्षांनी स्थलांतराचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांच्याइतके बोलके साधन मिळणार नाही. पगाराच्या पावत्या आणि व्हिसाचे कागद या माणसांनी काय कमावले ते सांगतील. त्यांनी रात्री जागून काय रचले ते फक्त या कागदांवर आहे.

रुवीत जमणाऱ्या केरळच्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या उपासनेत एक फार जुना छंद ऐकू येतो. सात-सात अक्षरांच्या ओळींची ही पद्यप्रार्थना. तिचे माप चौथ्या शतकातल्या मार एफ्रेम यांच्या नावाने ओळखले जाते. एफ्रेम निसिबिसचे, पुढे एडेसात राहिले. पदाने साधे डीकन, बिशप कधीच झाले नाहीत. लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर त्यांनी सिरियाक भाषेत गीते रचली आणि ती गाण्यासाठी स्त्रियांचे वृंद तयार केले. त्यांची परंपरा इराणच्या आखातातून खाली सरकली. पूर्वेकडील चर्चच्या धर्मसभांच्या नोंदींत ‘माझून’च्या, म्हणजे ओमानच्या, बिशपांची नावे आहेत. पहिली नोंद ४२४ सालची आणि शेवटची ६७६ ची. सोहार हे त्या प्रांताचे मोठे बंदर होते. त्या मंडळीची उपासना सिरियाकमध्ये होती, म्हणजे एफ्रेम यांच्या घराण्यातली पदे या किनाऱ्यावर अडीचशे वर्षे तरी म्हटली गेली असणार. नंतर ती मंडळी विरली. आज त्याच सोहारमध्ये, सुलतानांनी दिलेल्या जागेवर, कारखान्यांत आणि बंदरात काम करणारे मल्याळी एकत्र जमतात, आणि त्यांच्या मल्याळम प्रार्थनांतल्या ओळी अजूनही सात-सात अक्षरांवर तुटतात.